फुकटची ऊब

आपल्यासारखं डोकं अख्ख्या विस्कॉन्सिनात कुणाला नाही, अशी ग्रेचेनची त्या जानेवारीत पक्की खात्री झाली होती!

तिची खोली तळघरात. म्हणजे बर्फाच्या कारखान्याची शाखाच! वर डॅडचा कायदा : हीटर वाढवायचा नाही. आणि शेजारी कपडे वाळवणारा ड्रायर गरमागरम हवा नळीतून थेट अंगणात फेकतोय. कुणासाठी? कावळ्यांसाठी!

"छट्!" ग्रेचेननं नळी भिंतीतून उपसली, खोलीकडे वळवली आणि तिच्या तोंडाला मॉमचा जुना नायलॉनचा पायमोजा बांधला. कपड्यांची तुसं मोज्यात, ऊब खोलीत. आठवडाभर राणीचा थाट! मोजा मात्र गाभण मांजरीसारखा फुगत चालला होता. तिकडे बघतो कोण?

शनिवारी गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या प्रमुखाची निवड होती, आणि डॅडचं नाव सगळ्यांत पुढे.

"ग्रेची, मी ठाण्यावर खुर्च्या मांडून येतो. तेवढा गणवेशाचा शर्ट वाळव."

"वाळलाच समज!"

शर्ट काही वाळेना. तिनं ड्रायर पुन्हा लावला. तरी ओलाच! मग तिनं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. मोजा तुसांनी गच्च, गरम हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. ती बिचारी आतल्या आत धुमसत राहिली.

"मॉम, टोस्ट करपतोय!"

"मी टोस्ट लावलाच नाही!" वरून उत्तर आलं.

ड्रायरमधून धूर! दोघी बर्फात अनवाणी! मॉमनं फोन फिरवला. तिकडे ठाण्यावर सगळ्यांचे पेजर एकदम किंचाळले, पत्ता ऐकू आला आणि सगळ्यांनी डॅडकडे पाहिलं, असं दलातल्याच शेजारच्या डेलनं नंतर सांगितलं. बंबावरून पहिली उडी डॅडचीच.

आग लहान होती, पटकन विझली. ड्रायर गेला, शर्ट गेला. डेल चिमट्यात वितळलेला मोजा धरून बाहेर आला.

"लोवेल, हा तुझा का रे?" त्यानं डॅडला विचारलं.

सगळे खो खो हसले. डॅड सोडून. दर हिवाळ्याआधी घरोघर जाऊन "नळी साफ करा, नाहीतर पेटेल!" म्हणून गावाचे कान किटवणारा माणूस तो!

"डॅड, मी..."

"गावाला सांगत हिंडलो," तो हळू म्हणाला, "तुला तेवढं सांगायचं राहिलं गं."

संध्याकाळी त्यानं आपलं नाव मागे घेतलं. डेल प्रमुख झाला.

"पण सगळे तुलाच मत देणार होते ना?" ग्रेचेन रडवेली झाली.

"हो. म्हणून तर मीच उठून 'मला नको' सांगितलं."

याच्यापेक्षा त्यानं ओरडायला हवं होतं!

सकाळी शेजारणी दारात हजर, हातात बटाटा-चीजचे गरम कॅसरोल. घर पेटलेल्यांना गावात असंच खाऊ घालतात. डबा देताना प्रत्येकीनं कुजबुजत तेच विचारलं, "आमची नळी बघून द्याल का?"

ग्रेचेनचा जीव भांड्यात पडला. ती ब्रश घेऊन धावलीच. "आत्ता येते, मिसेस ओल्सन!"

मिसेस ओल्सन दोन पावलं मागे सरकल्या.

"तू नको गं बाई. डॅडला पाठव!"