संपत आबांच्या अंगठ्याचा पाडाव

पुढे कोणी पुसेल की, राहू गावाकडच्या वस्तीवर दुधाचा निवाडा अंगठ्याच्या हातून कसा गेला, तर जे घडले ते यथास्थित लिहून ठेविले असे. यात पदरचे काही नाही. जे तिखट लागेल ते त्या प्रकरणाचेच समजावे.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, माघ मास. दूध संस्थेचे नाव लिहीत नाही; लिहिल्यास चेअरमनसाहेब त्याचाही फ्लेक्स लावतील. तख्तावर, म्हणजे लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर, राजश्री संपत आबा चेअरमन विराजमान. या जागी पूर्वी गेणबा बसत. ते नुसत्या वासावरून गाय काल लसूणघास खाऊन आली की उसाचे वाढे, हे सांगत, आणि चुकले तर चुकलो म्हणत. तो जमाना गेला. आबांच्या तळहातावर अष्टौप्रहर तंबाखू आणि चुना मळला जाई, त्यापुढे दुधाचा वास तो काय येणार. सबब त्यांनी सारा अखत्यार उजव्या अंगठ्यास दिला. थेंब नखावर घ्यावा, गोल राहिला तर दूध रास्त, ओघळला तर बेइमान, ऐसा कायदा. फॅटचे यंत्र होते, परंतु ते बापडे फॅट सांगे. युरियाची भेसळ आहे की कसे, हे अंगठाच सांगे, आणि अंगठ्यास माणसे ओळखू येत.

मग सोजरबाईंचे प्रकरण उपस्थित जाहले. बाई विहाराशेजारच्या, घरी एकच जर्सी गाय. संस्थेच्या निवडणुकीत त्यांनी चेअरमनांच्या पॅनेलला मत दिले नाही, ऐसा वहीम. मग अंगठ्याने त्यांच्या दुधात युरिया असल्याचा हुकूम दिला आणि कॅन उंबऱ्याबाहेर ठेवविला. असे आठ दिवस चालले. दूध वाया जाई ते दुःख होतेच. परंतु चाळीस वर्षे ज्या बाईच्या दुधास कोणी बोट लाविले नाही, तिचे दूध आता चहाची टपरीही घेईना, आणि बाईंनी मान वर करून चालणे सोडिले.

ही खबर शिरूरास पोहोचली. तेथे बाईंची नात दीक्षा रसायनशास्त्राची एमएस्सी करीत होती आणि तिजपाशी अजब शस्त्र होते. वीज वाहणारे प्लास्टिक, पॉलिअ‍ॅनिलीन त्याचे नाव. बोटभर पट्टीवर त्याचा हिरवा थर आणि त्यात युरिया फोडणारे एन्झाइम बसविलेले. दुधात जादा युरिया असला की तो फुटून खार सुटतो, खार लागला की हिरवा थर निळा पडतो, आणि वीज अडून मीटरचा आकडा कोसळतो. अशा तीनच पट्ट्या सिद्ध होत्या. त्या मीटरासह डब्यात घालून, दोन एसट्या बदलून, ती वस्तीवर दाखल जाहली.

सकाळी किटल्यांची फौज जमली. पहिल्या पट्टीवर दीक्षाने ड्रॉपरने आजीच्या दुधाचा थेंब सोडिला. पट्टी हिरवी राहिली, आणि सेक्रेटरी विक्रम यांनी आकडा ठीक असल्याचे वाचले. आबांनी फर्माविले की ड्रॉपर परमुलखातला, त्याचा इतबार नाही; थेंब नखावरूनच पडेल. मग कॅनमध्ये अंगठा बुडवून त्यांनी दुसऱ्या पट्टीवर थेंब सोडिला, आणि पट्टी पाहता पाहता निळी जाहली.

"बगा. माझा अंगठा आठ दीस काय वरडत हुता?"

सोजरबाई कॅनचे झाकण लावू लागल्या. आबांनी निळ्या पट्टीचा फोटो स्टेटसला चढविला आणि विजयाची म्हणून चुन्याची डबी उघडून त्याच अंगठ्याने नवी चिमूट मळली. दीक्षाने ते पाहिले. मग तिने मोठ्या अदबीने अर्ज केला की एक पट्टी उरली आहे, ती आबांच्याच म्हशीच्या दुधास लावावी. आबा कचरले. रांगेतून साखरबाई म्हणाल्या, "मान तुमचा, आबा, आन् तुमीच मागं?"

मान म्हटल्यावर इलाज नव्हता. अंगठा बुडाला, थेंब पडला आणि पट्टी निळीशार जाहली. विक्रम प्रामाणिक माणूस, त्यांनी आकडा वाचला आणि पुढे न विचारता सांगितले, "आबा, आपला आकडा सोजरबाईच्यापरीस खाली गेलाय."

मग दीक्षाने खुलासा केला की चुना हाही खारच, पट्टी फसली ती अंगठ्याने. आबांपुढे मोठा पेच पडला: म्हैस बदनाम करावी की अंगठा? म्हशीस कृषी प्रदर्शनात ढाल मिळालेली, तिचा फोटो गेटावर. अर्धा तास मसलत चालली, आणि अखेर अंगठ्याचा बळी देण्याचे ठरले. आपणांस हे ठाऊक होते, आपण पोरीची परीक्षा पाहत होतो, असेही आबांनी जाहीर केले, आणि कोणी हसले नाही, कारण सगळे हसू दाबण्यात गुंतले होते.

सोजरबाईंचा कॅन उंबऱ्याच्या आत आणण्याचा हुकूम सुटला. आबा झाकणास हात घालणार, तोच बाईंनी आपला तळवा झाकणावर ठेविला.

"आबा, आधी हात धुवून या."

आबा नळावर गेले, साबण लावून हात धुतले आणि ओले पंजे पुढे करून उभे राहिले. बाईंनी ते उलटेसुलटे करून दाखवावयास लाविले, निरखले, आणि मग झाकण उचलले.

माघ वद्य पंचमी, सकाळचे साडेआठ. दूध आत गेले. फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.