मिठाच्या बरणीवर पहारा

"मीठ कोण देतंय या पोरीला?" जयवंतरावांचा आवाज अर्ध्या दांडिया बाजारात गेला.

सरकारी पागेतल्या या जमादाराचं घोडे ऐकत, घरचे ऐकत नव्हते. त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, नीराच्या मूत्रपिंडांना सूज आली होती. लघवी तांबूस, डोळे सुजलेले, पायावर बोट दाबलं की खळगा पडून राहायचा. गुजराती डॉक्टर हेमचंद्रांनी औषध देऊन मीठ साफ बंद केलं. दहा दिवसांनी पाहतात तो सूज जिथल्या तिथे. "जयवंतराव, कोणीतरी छानुंमानुं, चोरून मीठ देतंय," ते म्हणाले. "असं चाललं तर पोरगी हातची जाईल."

जयवंतरावांचं डोकंच फिरलं. त्यांनी मिठाची बरणी पेटीत कोंडली आणि किल्ली कमरेला लावली. सगळं घर अळणी जेवू लागलं. बायको कौशल्या काही बोलायला गेली, तर "तूच लाडाने भरवतेस" म्हणून तिच्यावर उखडले. शेजारच्या उषाकाकू पोरीला बघायला आल्या, तर त्यांच्या हातातली वाटी हुंगून पाहिली. औषध तर पहिल्या दिवसापासून ते स्वतःच पाजत, तीन वेळा, घड्याळ बघून. नीरा ते कडू औषध ओकून टाकी, म्हणून वर खिशातली सुक्या आवळ्याची एक फोड, आवळकाठी, तिच्या तोंडात सारत.

मध्येच जयवंतरावांच्या वडिलांचं श्राद्ध आलं. वडे अळणी, कढी अळणी. कावळा पानाकडे ढुंकूनही बघेना. तीन वाजले तरी सगळे उपाशी.

"जन्मभर लोणच्याशिवाय घास उतरला नाही त्यांना," त्यांची आई गंगाबाई म्हणाली, "आणि तू त्यांना हे वाढतोस?"

"लोणचं! म्हणजे तूच देतेस तिला. कबूल कर, आई."

म्हातारी रडत उठून गेली आणि तिने बोलणंच टाकलं. जयवंतरावांना ते लागलं, पण पोरगी जाईल या भीतीने तोंडातून शिवीच बाहेर पडे.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी नीराची लघवी नळीत उकळून पाहिली, पायावर बोट दाबलं. खळगा तसाच.

"चोर सापडू दे, सालटी सोलतो त्याची," जयवंतराव म्हणाले.

"पहिलां हे नवीन औषध घेऊ दे तिला."

नीराने नाक दाबून घोट गिळला आणि सवयीने वडिलांकडे वळून आ केला. जयवंतरावांचा हात आपोआप खिशात गेला.

"ए शुं छे?" डॉक्टरांनी आवळकाठी घेऊन जिभेला लावली. तोंड वाकडं केलं. "कशात वाळवतात ही?"

"मिठात," जयवंतराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी किल्ली आईच्या पायाशी ठेवली.

"सापडला चोर?" गंगाबाईने आठ दिवसांनी तोंड उघडलं.

"सापडला." त्यांनी खिसा उलटा केला. मिठाची पूड जमिनीवर सांडली. "तुम्हा सगळ्यांच्या आमटीत मीठ घाल, आई. माझी अळणीच असू दे, नीराची सूज उतरेपर्यंत."

कौशल्येने त्या पुडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग हात पुढे केला.

"सदरा काढा," ती म्हणाली. "आधी तो धुते."