कूलरच्या बाजूची पेशी

सृष्टीतली कोणतीही विभागणी समान नसते. समान असते ती फक्त विभागणी करणाऱ्याची भावना. पारोळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणारे योगेंद्र सर हे सत्य गेली कित्येक वर्षं फळ्यावर काढून दाखवत आलेत. आधी एक गोल. मग गोलाच्या एकाच बाजूला खडूचे ठिपके. मग मधोमध रेघ.

"एका पेशीच्या दोन झाल्या. दिसायला सारख्या. पण ठिपके कुणाकडे गेले?"

वर्ग म्हणतो, उजवीकडे.

"आणि कधी गेले?" इथे वर्ग गप्प होतो आणि सरांना शिक्षक झाल्याचं सार्थक वाटतं. "फुटण्याच्या आधी. वाटणी नंतर होते, कुणाचं काय ते अगोदरच ठरलेलं असतं." (हा भाग अभ्यासक्रमात नाही. म्हणूनच सर तो मन लावून शिकवतात.) कधी कधी ठिपक्यांचीही गरज पडत नाही, नुसती जागा पुरते, असंही ते सांगतात. जी पेशी शेजारणींच्या हाकेच्या टप्प्यात राहिली, ती तिथंच मूळपेशी म्हणून राहते. जी लांब सरकली, ती रक्तपेशी होते, मज्जापेशी होते, नाव काढते.

सरांना स्वतःला मुली दोन. रत्ना आणि दिपमाला. जुळ्या, आणि इतक्या सारख्या की लहानपणी एकीलाच दोनदा लस टोचली गेल्याची घरात वदंता आहे. घराचं धोरण जाहीर आहे: दोघींना सगळं सारखं. सारखे ड्रेस, सारखी दप्तरं, एकाच क्लासची सारखी फी. खोलीही दोघींत एक. तिच्या एका भिंतीत खिडकी, खिडकीत कूलर. समोरच्या भिंतीला स्वयंपाकघराचं दार. त्यामुळे एक खाट कूलरखाली येते आणि एक दाराशी, यात कुणाचाच दोष नाही. दिपमालाला ऊन सोसत नाही म्हणून ती कूलरखाली. रत्ना समजूतदार म्हणून दाराशी. (समजूतदारपणाचं निदान ती तीन वर्षांची असताना झालं होतं. त्यानंतर फेरतपासणी झालेली नाही.)

खानदेशातला कूलर उन्हाळ्यात म्हशीसारखं पाणी पितो. टाकी रिकामी झाली की तो गरम फुंकू लागतो, आणि स्वयंपाकघरातून मुलींची आई कुंदाबाई हाक देतात, "कोन शे वं तठे? कूलरमा पानी टाका."

या हाकेचा निःपक्षपातीपणा ध्यानात घ्यावा. तिच्यात कुणाचंही नाव नाही. जिला ऐकू येईल तिनं उठायचं, एवढाच नियम. आता कूलरच्या घरघरीत पलीकडच्या खाटेवर काही ऐकू येत नाही आणि दाराशी स्वच्छ ऐकू येतं, त्याला कोण काय करणार? पाण्यामागून मग उतू चाललेलं दूध, दारावरचा गॅसवाला, पाहुण्यांचा चहा, गच्चीवरचे पापड. सरांच्या पाहणीनुसार (पाहणी आडवं पडूनच झाली) घरातल्या नव्वद टक्के हाका दाराशीच जिरतात. उरलेल्या दहा टक्के जेवायच्या असतात. त्या दोघींना ऐकू येतात.

बारावीच्या वर्गात एकदा रत्नाच उभी राहिली. "सर," (कॉलेजात आप्पांना सर म्हणायचं, हा घरचा दंडक) "कोणत्या बाजूला राहायचं, हे पेशीला कोण विचारतं?"

"कुणी नाही," सर कौतुकानं म्हणाले. "पण मूळपेशीला कमी लेखू नका. तिच्यात काहीही होण्याची क्षमता असते."

"मग ती होत का नाही?"

"कारण तिची तिथं गरज असते."

"कुणाला?"

हा प्रश्न परीक्षेत येत नाही, असं सरांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं.

प्रवेश परीक्षेत दिपमाला धुळ्याच्या फार्मसीला लागली, होस्टेलवर गेली. रत्ना थोडक्यात राहिली. एकाच बीजातून आलेल्या दोघींच्या गुणांत हा फरक कुठून पडला, याचा सरांनी शास्त्रीय विचार केला आणि रत्नाचं अक्षर खराब असल्याचा निष्कर्ष काढला. (परीक्षा संगणकावर होती.) रत्नानं आणखी एक वर्ष मागितलं. सरांनी ते मोठ्या मनानं दिलं. "घर तुझंच आहे, कर अभ्यास. पण हे शेवटचं. नाही लागलीस तर इथंच बी.ए. करायचं, आणि बघायला येतील त्यांना नाही म्हणायचं नाही."

परीक्षा महिन्यावर आली तेव्हा ऊन तापलं आणि कूलर सुरू झाला. रत्नानं आपली खाट ओढत कूलरखाली नेली, दाराकडे पाठ केली आणि पुस्तक उघडलं.

दुपारी हाक आली. दाराशी कुणीच नव्हतं, तेव्हा ती परत गेली. पुन्हा आली. बाहेरच्या खोलीत सर पडले होते, उघड्या दारातून त्यांनाही वारा लागत असे. त्यांनी हातभार म्हणून स्वतःची एक हाक जोडली.

"आप्पा," रत्ना मान वर न करता म्हणाली, "आते मी कूलरना बाजूले शे."

मग कुंदाबाईच बादली घेऊन आल्या, एक हात कमरेवर, पदर दातात. दोन दिवस रत्नानं तिकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं आणि पुस्तक मिटलं. ती उठू लागली तशा कुंदाबाई म्हणाल्या, "तू वाच माय. माले सवय शे." (कुंदाबाईंच्या माहेरी कूलर नव्हता. दार होतं.) त्यानंतर रत्नाला वाचता येईना. तिनं आईच्या हातातली बादली घेतली.

लेकीची ही ओढाताण सरांना बघवली नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी कूलर काढून बाहेरच्या खोलीत, आपल्या खाटेशी बसवला. आता रत्नाच्या अभ्यासात घरघरीचा व्यत्यय नाही, आणि हाक कोणत्याही खाटेवर स्वच्छ ऐकू येते.

रत्ना सध्या बी.ए.ला आहे. बघायला येऊन गेलेल्या पाहुण्यांना ती पसंत पडली. समजूतदार वाटली म्हणाले.

वाचकानं हळहळण्याची घाई करू नये. एवढी गोष्ट सलग, मध्ये एकदाही न उठता वाचून झाली असेल, तर आपली खाट कोणत्या बाजूला आहे ते त्याला कळलंच असेल.