नवसाचा खुबा

अनंतरावांनी नवस बोलताना कुणालाही विचारलं नाही. (रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाला परवानगी द्यायची सवय असते, घ्यायची नसते.) ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभं राहून त्यांनी सत्यनारायणाला शब्द दिला: प्रमोदिनीचा नवा खुबा नीट बसू दे, आम्ही जोडीने पूजेला बसू.

खुबा नीट बसला. प्रमोदिनीबाई झाशीतल्या घरी वॉकर घेऊन आल्या, मग काठीवर आल्या. ऑपरेशनआधी त्यांना संडासाला जायचं तरी कुणाला हाक मारावी लागे. नवऱ्याला, नाहीतर मुलीला, बकुळला. आता त्या एकट्या जात आणि आतून कडी लावत. त्या कडीसाठीच त्यांनी एवढं सोसलं होतं.

अनंतरावांना मात्र नवस फेडायचा होता.

"बाबा, आईला खाली बसायला मनाई आहे," बकुळ म्हणाली. "देव टेबलावर ठेवा, तुम्ही दोघं खुर्च्यांवर बसा."

"जेवणाच्या टेबलावर? तू तिथे आम्लेट खातेस."

"पुसून देते."

"देव म्हणजे काय प्लेट आहे?"

पूजा सांगायला आलेले हरिभाऊ गुरुजीसुद्धा म्हणाले, "अनंतरावजी, कुर्सी चलेगी. झाशीत आता मांडी घालणारा यजमान शोधून आणावा लागतो." पण नवस अनंतरावांचा, देव अनंतरावांचा. खुबा तेवढा दुसऱ्याचा.

त्यांनी तोड काढली. घरात चार पाट होते. त्यांतले तीन एकावर एक रचून त्यांनी वर सतरंजी घातली. "डॉक्टर म्हणाले खाली बसू नका. हे खाली आहे का?"

प्रमोदिनीबाईंनी तो मनोरा पाहिला. "मी खुर्चीवरूनच हात जोडते ना."

"जोडीने असं बोललोय मी."

"मला विचारायचं तरी."

"तू बेशुद्ध होतीस."

(शुद्धीत असतानाही आजवर कुणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) बकुळ संतापून प्रसादाचा शिरा हलवायला निघून गेली. प्रमोदिनीबाई बसल्या.

तीन पाटांवर बायको, उरलेल्या एका पाटावर नवरा. संकल्प आला तसे गुरुजी सवयीने म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा." यजमानांचा हात पार खाली. तो वर उचलता आला असता, पण पळीतलं पाणी सांडलं असतं. प्रमोदिनीबाई वाकल्या. आणखी वाकल्या. कट् असा आवाज झाला.

"नारळ कुणी फोडला?" अनंतरावांनी विचारलं.

प्रमोदिनीबाई कुशीवर कलंडल्या होत्या. पाय आत वळला होता. पूजा चालू होती म्हणून त्यांनी तोंडात पदर कोंबला होता.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "माताजी गिरीं कैसे?"

"गिरीं नहीं. बैठी थीं. तीन पाट पे," अनंतराव म्हणाले.

"क्यों?"

"ऑपरेशन अच्छा हुआ था, इसलिए."

डॉक्टर त्यानंतर फक्त बकुळशी बोलला. भूल देऊन सांधा बसवू. मग पट्टा बांधून पडून राहायचं. पुन्हा निखळला तर पुन्हा उघडावं लागेल, आणि मग त्या एकट्या चालतील असं सांगता येत नाही.

प्रमोदिनीबाई घरी आल्या त्या सरळ खाटेवर. कडी लावायचं दार समोरच दिसत होतं. त्या तिकडे बघत नसत.

काही दिवसांनी गुरुजी अर्धवट पूजा पुरी करायला आले. अनंतरावांनी चाचरत विचारलं, "आता जोडीचं कसं?"

"एक सुपारी कमरेला खोचा. बायकोच्या जागी सुपारी चालते."

"कधीपासून?"

"माझ्या आजोबांच्या आधीपासून. तुम्ही विचारलंच नाहीत."

अनंतरावांनी आतल्या खाटेकडे बघायचं टाळलं. बकुळ कॉलेजात होती. ते सोवळं नेसले, सुपारी कमरेला खोचली आणि पाटावर बसले. पळीत पाणी घेतलं तोच आतून हाक आली.

"अहो. बेडपॅन."

"आलोच. एवढा संकल्प होऊ दे."

"सुपारीला थांबायला सांगा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "तिला थांबता येतं. मला नाही."