सिद्रामप्पांचं दोनशेचं स्पीड

सकाळी बरोबर साडेदहाला राऊटरवरचा दिवा लाल झाला आणि सिद्रामप्पांनी हातातला कप असा आपटला की अर्धा चहा बशीत आणि अर्धा पेपरवर सांडला. आतल्या खोलीत हर्षाली पुण्याच्या ऑफिसशी बोलत होती. तिचं "हॅलो, माझा आवाज येतोय का" तीनदा ऐकू आलं आणि मग लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

"गेलं?" आप्पांनी बाहेरून विचारलं.

"गेलं."

"आजबी साडेधालाच?"

"आजबी, आप्पा."

लोहाऱ्यात सिद्रामप्पांना सगळे आप्पाच म्हणत. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी करून ते घरी बसले होते. उभ्या पासष्ट माणसांना एका दमात मागं सरकवायची सवय जडलेली, त्यामुळे ते हळू बोलले तरी तीन घरांना ऐकू जाई. राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. पण या खेपेला त्यांच्या रागाला कारणही तसंच होतं. हर्षाली त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यातल्या कंपनीचं काम ती तीन वर्षं लोहाऱ्यातून, घरात बसून करत होती. काल तिच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं की सोमवारपर्यंत नेट सुधारलं नाही, तर सामान घेऊन पुण्याला यावं लागेल. आज गुरुवार होता. पोरगी घरात आहे म्हणून आप्पा दोन घास जास्त जेवतात, हे त्यांनी स्वतः कधी कबूल केलं नसतं, पण त्यांची बायको गजराबाई ते साऱ्या गल्लीला सांगत असे.

खरं म्हणजे नेट तीन वर्षं चांगलं चाललं होतं. चाळीसचं स्पीड होतं, कधी कुरकुर नाही. पण शेजारच्या बंडप्पाने आपल्या घरी शंभरचं स्पीड घेतलं आणि गिरणीत दळायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. झालं. आप्पांनी त्याच दिवशी फोन लावून दोनशेचं मागितलं. हर्षाली म्हणाली होती, "आप्पा, मला चाळीस पुरतंय." त्यावर आप्पा म्हणाले होते, "तुला पुरतंय, मला पुरंना."

दोनशे आलं आणि दुसऱ्या दिवसापासून ही साडेसाती सुरू झाली. रोज साडेदहाला दिवा लाल. तीन-साडेतीनला आपोआप हिरवा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा खाडा नाही. एखादा सरकारी नोकर वेळेचा इतका पक्का असता तर आप्पांनी त्याचा सत्कार केला असता.

आज त्यांनी पुन्हा कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, आपण राऊटर एकदा बंद करून चालू कराल का?"

"बाई, आठ दिवसांत धा येळा केलंय. बटणाचा रंग उडालाय."

"सर, आणखी एकदा कराल का?"

आप्पांनी बटण दाबलं. दिवा लाल तो लालच. "झालं. आता?"

"आपली तक्रार नोंदवली आहे, सर. आमचा माणूस येईल."

माणूस यायचा, नाही असं नाही. धुळाप्पा त्याचं नाव. चाळिशीचा, शांत स्वभावाचा, कमरेला पक्कड आणि खांद्यावर वायरचं वेटोळं. पण त्याच्याकडे लोहारा आणि आजूबाजूची बारा गावं. तो उगवायचा संध्याकाळी सहाला. तेव्हा नेट असं धावायचं की बघत राहावं. धुळाप्पा मोबाइलवर स्पीड मोजून दाखवायचा, "बगा काका, दोनशे चार येतंय. चार जास्तच हाय." आणि तो फाटकाबाहेर पडायच्या आत आप्पांच्या मोबाइलवर निरोप यायचा की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. तो निरोप वाचून आप्पांना जो संताप यायचा, तो लाल दिवा बघूनही येत नव्हता.

त्यांचा पहिला संशय बंडप्पाच्या गिरणीवर होता. बंडप्पा गिरणी सुरू करायचा दहाला आणि जेवायला बंद करायचा तीनला. आप्पांनी दोन्ही वेळा पेपरच्या कोऱ्या कडेवर लिहून काढल्या आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते तसेच उठून गिरणीत गेले.

"बंडप्पा, गिरणी बंद कर."

"का वो आप्पा?"

"तुझी मोटर माझं नेट वडतीय."

बंडप्पाने पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या. "मोटर करंट वडती आप्पा. नेट कसं वडंल?"

"मला शिकवू नको. दोनशेचं घेतल्यापासून तुझ्या पोटात दुखतंय. धा मिनिटं बंद ठेव, मग बगू."

गिरणीत त्या वेळी दहा-बारा बायका डबे घेऊन उभ्या होत्या. घट बसायला आठ दिवस उरले होते, जो तो दळणं उरकण्याच्या घाईत. एक म्हातारी म्हणाली, "आप्पा, तुमच्या नेटापायी आमी भाकरी खायची न्हाय व्हय?" आप्पांनी तिलाही सुनावलं. शेवटी भांडण नको म्हणून बंडप्पाने पट्टा उतरवला. आप्पा धावत घरी आले. दिवा लाल. पुन्हा गिरणीत गेले. "अजून धा मिनिटं." पुन्हा घरी. दिवा लाल. तोवर गिरणीसमोर डब्यांची रांग थेट आप्पांच्या फाटकापर्यंत आली होती आणि गल्लीतली झाडून सारी बायकामंडळी आप्पांच्या नावाने बोटं मोडत होती.

"आता करू का चालू?" बंडप्पाने रांगेच्या दुसऱ्या टोकावरून विचारलं.

"कर," आप्पा म्हणाले. पण चूक झाली असं काही ते म्हणाले नाहीत.

घरी येऊन ते हर्षालीच्या खोलीच्या दारात उभे राहिले. ती मोबाइलचं नेट लावून कसंबसं काम रेटत होती. खोलीत रेंजची एकच काडी यायची आणि तीसुद्धा खिडकीच्या गजाला मोबाइल टेकवला तर.

"आप्पा, ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "बारा वाजता साहेबांबरोबर मीटिंग हाय. न्हाय जमलं तर जाते म्या पुण्याला. लोकं ऱ्हातेतच की तिथं."

ती हे सहज म्हणाली, पण आप्पांच्या काळजात चर्र झालं. काळजात चर्र झालं की आप्पांना दुसरं काही सुचत नसे, राग यायचा. त्यांनी चपला अडकवल्या आणि ते थेट स्टँडवर गेले. धुळाप्पा या वेळी चहाच्या टपरीवर असतो, हे त्यांनी कंडक्टरच्या नजरेने केव्हाच टिपून ठेवलं होतं. तो नुकताच वडा तोंडात घालत होता.

"ऊठ."

"काका, संध्याकाळी येतो की."

"संध्याकाळी तुझं दोनशे चार असतंय. आत्ता चल. दिवा लाल हाय तवर चल." असं म्हणून आप्पा त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसूनसुद्धा मोकळे झाले. गाडीवर मालक नाही आणि पाहुणा बसलेला, हे बघून टपरीवरची माणसं हसली. धुळाप्पाने वडा कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि गाडीला किक मारली.

घरी आल्यावर धुळाप्पाने लाल दिवा पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. मान हलवली. "काका, हे राऊटरचं न्हाय. उजेडच येईना झालाय आत. तार बगावी लागंल. गच्चीवर चला."

आप्पांचे गुडघे दुखायचे, म्हणून ते वर्षभरात गच्चीवर फिरकले नव्हते. संध्याकाळी धुळाप्पा वर जाऊन यायचा तेव्हाही ते अंगणात उभे राहून सूचना करायचे. पण आज ते कठड्याला धरून एकेक पायरी चढले, आणि वर पोचल्यावर दोघेही जिन्याच्या दारातच थबकले.

पाण्याच्या टाकीपासून समोरच्या लोखंडी पाइपापर्यंत नेटची नवी काळी तार आडवी ओढलेली होती. त्या तारेवर तीन वाकळा वाळत होत्या. जुन्या लुगड्यांच्या, आठ-आठ थरांच्या, नुकत्या धुतलेल्या वाकळा. त्यांच्यातून पाणी टपटप गळत होतं आणि तार मधोमध वाकून गुडघ्याएवढ्या उंचीवर आली होती. गजराबाई चौथी वाकळ पिळून बादलीतून बाहेर काढत होती.

"अगं ए," आप्पा दारातूनच ओरडले. "हे काय लावलंयस?"

"वाकळा धुतेय," गजराबाई म्हणाली. "घट बसायच्या आदी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवाय नको व्हय? रोजच्या तीन-चार काढते. पंचवीस झाल्या, अजून सहा ऱ्हायल्यात."

"ती नेटची तार हाय."

"नेटची?" तिने तारेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "मला काय ठावं? लगीन झाल्यापासनं म्हणतेय, गच्चीवर वाळवणाला एक दोरी बांधून द्या, एक दोरी बांधून द्या. आठ दिसामागं वर आले तर ही बांधलेली. कशी ताठ, कशी मजबूत. म्हटलं, एवढ्या वर्सांनी का व्हईना, ऐकलं माझं. शेजारणींना बी बोलवून दाखवली म्या."

 आप्पांनी मोर्चा धुळाप्पाकडे वळवला. "तार अशी मधून वडतेत व्हय रे? भिंतीकडनं न्यायला काय झालं व्हतं?"

"काका," धुळाप्पा आवाज न चढवता म्हणाला, "म्या भिंतीकडनंच नेत व्हतो. तुमी खालनं म्हणला, बंडप्पाच्या तारंवानी झोळ नको, सरळ मधनं वड, ताठ वड. म्या वडली."

"त्यानं नेट बंद पडतंय व्हय?"

"आत काचेचा धागा असतोय, केसावानी. तो असा मोडून वाकला की उजेड फुडं सरकत न्हाय. वाकळा वाळल्या की तार पुन्ना वर जाती. म्हणून तर संध्याकाळी दोनशे चार येतंय."

 कंपनी, बंडप्पा, गिरणी, म्हातारी, धुळाप्पा, इतक्या जणांवर आप्पांनी चढवलेला राग आता फिरून त्यांच्याच दारात आला होता आणि त्याला आत घ्यायची त्यांची काही तयारी नव्हती. त्यांनी एक वाकळ ओढून कठड्यावर टाकली. गजराबाईने दोन काढल्या. तार सणकन वर गेली आणि खालून हर्षालीचा आवाज आला, "आप्पा, आलं. हिरवा दिवा लागला. मीटिंगला जोडतेय म्या."

बारा वाजायला दोन मिनिटं होती. आप्पा जिना उतरायला लागले. पोरगी आता कुठे जात नाही, या विचाराने त्यांना हायसं वाटलं. पण आठ दिवसांचा राग वाफेसारखा आत कोंडलेला, त्याला कुठेतरी वाट हवीच होती. घरातलं माणूस शिल्लक नव्हतं आणि शेजारी तर वापरून झाले होते. उरला एकच जण.

"त्या पुण्याच्या साहेबाला म्हणावं, बघ म्हणावं आता," ते पायरी उतरता उतरता मागच्या धुळाप्पाला म्हणाले. "कालपासनं पोरीच्या मानंवर सुरी धरली त्यानं. सोमवारी ये म्हणं. अरे तुझ्या बापाच्या घरची सालगडी हाय का ती? हिकडं ती जेवण सोडून तुझं काम करतीय आन तू तिकडं गार हवेत बसून हुकूम सोडतोस. असली लई माणसं बगितली म्या. असल्याला पास असून गाडीतनं उतरवलाय म्या, मुरूमच्या फाट्यावर."

"काका, हळू," धुळाप्पा म्हणाला.

"हळू का? काय खोटं बोलतोय का म्या? अक्कल असती तर माणूस साहेब कशाला झाला असता?"

शेवटची पायरी हर्षालीच्या खोलीच्या दाराशी संपत होती. आप्पा आत डोकावले. हर्षाली लॅपटॉपसमोर पुतळ्यागत बसली होती. पडद्यावर दहा-बारा चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात एकेक माणूस खाली मान घालून हसू दाबत होता. फक्त मधल्या चौकोनातले चष्म्याचे गृहस्थ हसत नव्हते.

"हर्षाली," ते शांतपणे म्हणाले, "आवाज तपासायला मीच तुला माइक चालू ठेव म्हणालो होतो. आज आवाज एकदम स्पष्ट आहे. नेटबद्दल आता माझी काही तक्रार नाही." त्यांनी चष्मा सारखा केला. "तरी सोमवारी ऑफिसलाच ये. इथे निवांत काम होईल."

पडदा बंद झाला. धुळाप्पाने खिशातला वडा काढला, बघितला आणि परत खिशात ठेवला. आप्पा पलंगाच्या कडेवर टेकले.

"सगळं ऐकलं व्हय त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"सगळं," हर्षाली म्हणाली. "एक शब्द तुटला न्हाय, आप्पा."

तेवढ्यात ओले हात पदराला पुसत गजराबाई खाली आली. राऊटरवरचा हिरवा दिवा बघून तिला बरं वाटलं. "आता ऱ्हाती न्हवं पोरगी घरी?" तिने विचारलं. हर्षालीने आईकडे बघितलं नाही. धुळाप्पा वायरचं वेटोळं उगीच सारखं करत राहिला.

"स्पीड लई वाढलं गं," आप्पा म्हणाले, आणि ते इतक्या हळू म्हणाले की गजराबाईला दोनदा विचारावं लागलं.