कॅनबेराची चार घरं

राव सार शब्दकोडं सोडवायला बसण्यापूर्वी हातपाय धुवायचे. मग चष्मा पुसायचा, शाईचं पेन झटकून बघायचं आणि दाराबाहेरच्या चपला ओळीत लावायच्या. कोड्याचा आणि चपलांचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं. "बुद्धी सरळ चालते, सार," म्हणाले.

चेन्नईत मैलापूरला आमची दारं समोरासमोर. मी बदलीवर आलेला बँकेतला माणूस; ते पिढ्यान्‌पिढ्यांचे तंजावरचे मराठी, तांबरमला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. पुण्याहून माझं मासिक टपालाने यायचं, पण ते आधी उघडायचे राव सार. उघडायचे म्हणजे थेट शेवटचं पान, सामान्यज्ञानाच्या कोड्यातल्या विजेत्यांची यादी.

"माझं नाव तमिळमध्ये छापलं, इंग्लिशमध्ये छापलं. मराठींत एकदां बघायचं आहे, सार."

चार वर्षं झाली, नाव काही येईना. "बरोबर उत्तरांतून चिठ्ठी काढतात ना! माझी वर येत नाही," अशी ते स्वतःची समजूत घालायचे. मलाही ते पटायचं, कारण या गृहस्थांना येत नाही असं काही नव्हतंच.

त्यांचा नियम कडक. पुस्तकात बघितलं तर ती कॉपी, माणसाला विचारलं तर ते ज्ञान. त्यामुळे केळीवाल्याला ज्वालामुखी आणि ऑटोवाल्याला आफ्रिकेतल्या नद्या विचारल्या जायच्या. एका ऑटोवाल्याचं उत्तर चुकलं, तर उतरल्यावर पाच मिनिटं त्याला नाईल समजावून सांगितली. मागे बसचा हॉर्न चालू, मी घामाघूम. कोपऱ्यावर इंटरनेटचं ब्राउझिंग सेंटर निघालं, तेव्हा मी उत्साहाने सांगायला गेलो. दोन दिवस माझ्याशी अबोला!

एकदा त्यांचा गुडघा धरला, म्हणून कोड्याचं पाकीट टपालात टाकायचं काम माझ्याकडे आलं. पाकीट उघडंच होतं. जिन्यात मी सहज डोकावलो. सगळं कोडं सुवाच्य अक्षरात भरलेलं, आणि ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या चार घरांत लिहिलेलं होतं: तंजावर.

मी धावत परत वर आलो. "राव सार, अहो, कॅनबेरा!"

"ठाऊक आहे," ते हळूच म्हणाले आणि दार ओढून घेतलं. "एक उत्तर आमची तुळजा सांगते. लग्न झाल्यापासून तसंच आहे. आधीं बरोबर सांगायची हो! अर्धांगाचा झटका आल्यापासून कोड्यांतलं काय विचारलं तरी एवढंच म्हणते."

"मग काकूंसमोर हे लिहा आणि मागाहून खोडा. नाव छापून यायचंय ना तुमचं?"

"अय्यो, सार! दोघांनी मिळून सोडवलेलं आहे तें. खोडायचं कसं?"

चार वर्षं हा माणूस न चुकता चुकीचं कोडं पाठवत होता, आणि न चुकता शेवटचं पान उघडत होता.

आतून काकूंचा अडखळता आवाज आला. "बरोबर... आलं?"

राव सारांनी माझ्याकडे बघितलं. केळीवाल्याचीही चूक न सोडणारा तो माणूस माझ्यापुढे अगदी गरीब चेहरा करून उभा होता.

"बरोबर आलं, काकू!" मी मोठ्याने ओरडलो, आणि तिथेच उभ्या उभ्या पाकीट चिकटवलं.