सोपानआबांची रिकामी बादली

कुणालाही डायलिसिसच्या मशीनला जोडलं की शेजारच्या खाटेवरून सोपानआबा मोठ्यानं म्हणतात, "सावकाश होऊ द्या!" हे वाक्य पंगतीत जेवायला बसलेल्यांना म्हणायचं असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. पण त्यांचं म्हणणं, "मशीनबी जेवतंयच की. माणसाचं रगात पितंय, मग घाई कशाला?" हे ऐकून नव्या पेशंटचा चेहरा कसा होतो, ते मी सांगत बसत नाही.

मी बारामतीच्या त्या सेंटरमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. किडनीच्या दुखण्यात माणसाचे स्नायू झिजत जातात, म्हणून पेशंटच्या मागे लागून त्यांना झेपेल तेवढा व्यायाम करायला लावायचा, ही माझी नोकरी. आबा एक दिवसाआड कळसहून येतात. आजारी पडायच्या आधी ते गावातले मुख्य वाढपी होते. पगारी नव्हे हो! लग्न असो की तेरावं, आमटीची बादली आबांच्याच हातात. स्वतः लग्न केलं नाही. लोकांच्या लग्नांत वाढण्यातून सवड मिळाली नाही, असं सांगतात. धाकट्या भावाच्या घरी राहतात. बुफेचा त्यांना भयंकर तिटकारा. "ताट घिऊन हुबं ऱ्हायला आपण काय यष्टीची वाट बघतोय व्हय?"

पहिल्या दिवशी मी सांगितलं, पाठ सरळ ठेवा, गुडघ्यांतून वाका आणि उठा. आबा म्हणाले, "रिकाम्या हातानं वाकू? लोक म्हनतील, म्हातारा येडा झाला." पुढच्या खेपेला ते घरून स्टीलची बादली आणि वगराळं, म्हणजे आमटी वाढायचा मोठा पळा, घेऊन आले. वेटिंग हॉलमध्ये पेशंट बाकांवर ओळीनं बसलेले. आबा प्रत्येकापुढं वाकायचे, रिकाम्या बादलीतली आमटी वाढायचे आणि पुढं सरकायचे. लोकांनी आता याला येडेपणा म्हटलं नाही. हळूहळू तेही हात आडवा धरून "बास आबा, बास" म्हणायला लागले. काटेवाडीच्या एका बाईंनी तर वरची तर्री मागितली.

आमच्या आहारतज्ज्ञ बाई चिडल्या. किडनीच्या पेशंटना तर्री कसली वाढता? आबांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून रक्ताचा रिपोर्ट विचारूनच वाढप. "मास्तरांचं पोटॅशियम वाढलंय, त्यांना बटाटा न्हाय." पिंपळीचे मास्तर हिरमुसून रिकामा हात मागं घ्यायचे.

मग पुतणीचं लग्न ठरलं. ही पोर आबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली.

"म्याडम, तिची पंगत वाढण्यापुरता मला हुबा करा," ते म्हणाले. "आजारी पडल्यापासनं कुठंबी गेलो की खुर्ची देत्यात. घरात डबा येगळा, खोलीत आणून ठेवत्यात. माज्याच गावात मला पाव्हणा करून टाकलंय."

पाय तयार झाले, पण अडलं हातावर. डायलिसिससाठी आबांच्या डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून धमनीला जोडली आहे, त्या हातानं भरलेली बादली धरायची नाही. मी सुचवलं, "मग बादली उजव्या हातात धरा आणि डाव्यानं वाढा."

बाकांवरच्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. शेवटी मास्तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

लग्नाला मी कळसला गेले. मांडवाच्या तोंडाशी भावानं आबांसाठी गादीची खुर्ची मांडली होती. "आबा, तुमी फकस्त बसा. काय लागलं तर सांगा." चांगल्या मनानंच म्हणाला बिचारा. आबा बसले. पत्रावळ्या मांडल्या, बादल्या फिरायला लागल्या. आबा बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मला असा संताप आला म्हणून सांगू! मी पदर खोचला, आमटीची भरलेली बादली उचलली आणि खुर्चीपुढं जाऊन उभी राहिले.

"आबा, उठा. गुडघ्यांतून."

खुर्चीला हात न टेकता उठले. मग मी बादली धरली आणि आबांनी उजव्या हातानं वाढलं. अख्खी पंगत! वर मला दटावणं चालूच. "म्याडम, हिंदकळू देऊ नगा. माजं नाव जाईल." भाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिला, आणि शेवटी त्यानंच खुर्ची उचलून मांडवाबाहेर नेली.

सगळ्यांत शेवटी वाढपी जेवायला बसतात. आबाही त्यांच्यात मांडी घालून बसले आणि पिशवीतून आपला अळणी डबा काढला. वाढणारा त्यांना जपून, वळसा घालून पुढं गेला. मी त्यांच्या हातातला डबा घेतला, वाकून त्यातली भात-आमटी पत्रावळीवर वाढली आणि म्हटलं, "सावकाश होऊ द्या, आबा."

आबांनी मान खाली घातली. भात कालवून पहिला घास घेतला.

"लई दिसांनी कुणीतरी मला वाढलं, म्याडम," ते म्हणाले. मग उपरण्यानं डोळे पुसले आणि हळूच म्हणाले, "फकस्त, वाकताना गुडघ्यातनं वाकत जावा."